अमरकंदाला पाणी

आमच्या गच्चीच्या कोपऱ्यात एक पसरट कुंडी होती, तिच्यात वर्षातले सात महिने काहीच दिसायचं नाही. पाहुणे चहाचा उरलेला घोट बिनदिक्कत तिच्यात ओतायचे. एकदा मेव्हण्याने तिच्यात पानाची पिंक टाकली. मी त्याला जे बोललो ते बायकोने अजून मनात ठेवलं आहे. एका मातीच्या कुंडीपायी तिच्या भावाला घालूनपाडून बोललो, असं तिचं म्हणणं. मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही. त्या मातीत दोन बोटं खाली आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, अमरकंद झोपलेला असायचा.

मी जीवशास्त्र शिकवतो. लातुरात जीवशास्त्राच्या मास्तराला मान आहे, कारण इथे प्रत्येक दुसऱ्या घरात कुणाचं तरी पोर डॉक्टर व्हायला येऊन राहिलेलं असतं. ऑर्किड आले की माझं एक ठरलेलं वाक्य होतं: ही झाडांवर राहतात, हवेतली ओल पितात, पण झाडाचं काही खात नाहीत. पोरं ते उतरवून घ्यायची आणि मी पुढे जायचो. एकदा आप्पांनी खाटेवर पडल्या पडल्या माझा तास मोबाइलवर ऐकला आणि विचारलं, जमिनीतलं ऑर्किड, आपला अमरकंद, शिकवत नाही का? मी म्हणालो, ते परीक्षेत येत नाही. आप्पा म्हणाले, मग बरं आहे, कुणी उकरायला जाणार नाही.

आप्पा वनरक्षक होते. नोकरीची बहुतेक वर्षं त्यांनी नांदेड जिल्ह्यात, हिमायतनगरकडच्या जंगलात काढली. सागाची चोरी पकडणं हे त्यांचं काम, पण त्यांचा खरा राग कंद उकरणाऱ्यांवर. अमरकंद औषधी म्हणून लोक तो पिशव्या भरभरून न्यायचे. आप्पा कुणाला मारायचे नाहीत, शिवी द्यायचे नाहीत. फक्त म्हणायचे, जिथून काढला तिथं लाव. आणि तो माणूस एकेक गड्डा परत पुरेपर्यंत उन्हात त्याच्या डोक्यावर उभे राहायचे. आमच्या घरात जंगलातली काडीसुद्धा येत नसे. शेजारच्या बाया मोळ्या आणायच्या आणि गार्डाची बायको असलेली माझी आई चुलीसाठी गावातून लाकूड घ्यायची. यावरून तिने आप्पांना आयुष्यभर टोमणे मारले.

त्यांची दुसरी सवय पंचनाम्याची. खात्यात काही हरवलं, तुटलं, जळलं की जागेवर बसून कागद करायचा, हे त्यांच्या हाडात भिनलेलं होतं. त्यामुळे आमच्या घरात चूक झाली की मार मिळायचा नाही, पंचनामा व्हायचा. माझी कंपासपेटी हरवली तेव्हा आप्पांनी वहीचं पान फाडलं, ‘हकीकत अशी की’ असं लिहायला सुरुवात केली, मला चार प्रश्न विचारले आणि शेवटी माझी सही घेतली. मी तेव्हा दुसरीत होतो. मार परवडला असता. सही करताना आपण काय केलं ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचावं लागायचं.

अशा माणसाच्या घरी अमरकंद आला तो रस्त्यामुळे. जंगलातून जाणारा रस्ता रुंद करायचा ठरला आणि खोदायचं यंत्र येऊन उभं राहिलं. रस्त्याच्या कडेला अमरकंदाची जुनी जागा होती. आप्पांनी रेंजर साहेबांना विचारलं, जमले तेवढे गड्डे उचलून आत जंगलात लावले, आणि यंत्राने चिरडलेल्या ढिगातून शेवटचे तीन निघाले ते साहेबांच्या परवानगीने, रीतसर कागद करून घरी आणले. सोबत पिठाच्या डब्यात तिथली माती आणली. आई म्हणाली, उभ्या आयुष्यात जंगलातून काय आणलं तर चिखल.

आई गेल्यावर आप्पा माझ्याकडे लातूरला आले. एक ट्रंक, एक पिठाचा डबा आणि ती कुंडी. एसटीत त्यांनी कुंडी मांडीवर घेतली होती आणि ट्रंक पायाखाली. उतरताना तिची कड फुटली. मी हुशारी करून दुसऱ्याच दिवशी नवी कुंडी आणली, चांगली काळीभोर माती भरली, शेणखत घातलं, गड्डे खोल पुरले आणि वरून बादलीभर पाणी ओतलं. आप्पा दुपारी झोपून उठले, त्यांनी कुंडीकडे पाहिलं आणि ती गच्चीवर पालथी केली.

मग त्यांनी मला शिकवलं. शिकवलं म्हणजे स्वतः करत राहिले आणि मी बघत राहिलो. कुंडी पसरट हवी, खोल नको. तळाशी कौलांचे तुकडे. दोन वाटे जाडसर मुरूम, एक वाटा कुजलेला पाला आणि पिठाच्या डब्यातली जुनी माती दोन ओंजळी. ‘ही माती टाकायची न्हाई कधी,’ ते म्हणाले, ‘ह्याचं जेवण हिच्यात हाय.’ मी वर्गात बुरशी आणि मुळांच्या दोस्तीवर पाऊण तास बोलतो, ऑर्किडचं धुळीएवढं बी त्या बुरशीशिवाय रुजतच नाही हेही सांगतो, पण ती बुरशी कुणी पिठाच्या डब्यात भरून आणत असेल हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. गड्डा दोन बोटंच खाली ठेवायचा. ऊन फक्त सकाळचं. पावसाळ्यात हळदीच्या पानांसारखी लांब, चुण्या पडलेली पानं येतात, तेव्हा पाणी भरपूर, पण तुंबू द्यायचं नाही. दिवाळीच्या सुमारास पानं पिवळी पडायला लागली की पाणी कमी करत न्यायचं. पानं ओढून काढायची नाहीत, आपोआप गळू द्यायची. आणि मग?

‘मग काय बी करायचं न्हाई,’ आप्पा म्हणाले.

मी विचारलं, मधूनमधून थोडं शिंपडायचं का? नाही म्हणाले. उन्हाळ्यात तरी? उन्हाळ्यातच नाही. मे सरता सरता मातीतून जांभळट टोक वर येतं. तो फुलांचा दांडा. तो दिसला की पहिलं पाणी, त्याच्या आधी एक थेंब नाही. झोपेत पाणी पाजलं की गड्डा आतून नासतो, आणि वरून कळतसुद्धा नाही.

हे सांगायला सोपं आहे. लातूरच्या माणसाला करायला फार कठीण आहे. रेल्वेने पाणी आलेलं गाव आमचं. नळ आजही आठ-दहा दिवसांनी येतो आणि ज्या दिवशी येतो त्या दिवशी माणसं कामाला उशिरा जातात. इथे कुणावर जीव आहे हे दाखवायचं तर त्याला पाणी द्यायचं. आल्यागेल्याला आधी तांब्या, चिमण्यांना वाडगं, तुळशीला आपल्या वाट्यातलं. भर उन्हाळ्यात एखादी कुंडी कोरडी ठाक ठेवणं इथे दुष्टपणात मोडतं. पहिल्या उन्हाळ्यात बायको चार वेळा तांब्या घेऊन तिथपर्यंत गेली आणि आप्पांनी चारही वेळा मान हलवली.

विसरणं कधी सुरू झालं ते नक्की सांगता येत नाही. चष्मा सगळेच विसरतात. मग ते माझ्या बायकोला विचारू लागले की ही कुठं गेली, अजून जेवायला वाढलं नाही. ही म्हणजे आई. आणि एक दिवस मी क्लासवरून घरी आलो तर आप्पा खाटेवरून उठून ताठ उभे राहिले आणि म्हणाले, ‘नमस्कार साहेब.’ मी हसलो. मला वाटलं गंमत करतायत. ते हसले नाहीत.

तेव्हापासून मी बहुतेक वेळ साहेबच होतो. ते मला बीटाची, म्हणजे त्यांच्या वाट्याच्या जंगलाची, खबर द्यायचे, वणवा विझवल्याचं सांगायचे आणि दर दोन दिवसांनी अदबीने रजा मागायचे. मी ‘बघू’ म्हणून टाळायचो. एकदा क्लासमध्ये डोकं फिरलं होतं, त्यात त्यांनी रजेचं काढलं. मी ओरडलो की आप्पा, मी साहेब नाही, तुमचा मुलगा आहे. ते घाबरले. भिंतीला टेकून म्हणाले, ‘चुकलं साहेब.’ त्यानंतर मी पुन्हा कधी सांगायला गेलो नाही. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही, आहे ते सांभाळा. मी गोळ्यांचं विचारलं. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या, पण उपयोग नाही हे तोंडावरून कळत होतं.

आता मागच्या जूनचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे झालं. मी सकाळी गच्चीत दात घासत होतो. आप्पा कुंडीजवळ उकिडवे बसले होते. दांड्यावरची पहिली दोन फुलं उमलली होती. पिवळसर, ओठावर तांबूस रेघा, काही फार देखणी नाहीत. आप्पा मागे वळले आणि म्हणाले, ‘बारक्या, आला बघ.’

बारक्या मला फक्त आई आणि आप्पा म्हणायचे. माझ्या तोंडात ब्रश तसाच राहिला. मग ते माझ्याशी बोलले. माझं बीपी कसं आहे, क्लासमध्ये इतकं ओरडतोस कशाला, तुझी आई असती तर ह्या फुलाला म्हणाली असती चिखलातनं निघालेली सवत. चहा गार होईपर्यंत बोलले. दुपारी जेवायला बोलावलं तर पुन्हा ‘हो साहेब’ म्हणाले. पण फुलं होती तेवढ्या दिवसांत असं आणखी दोनदा झालं, दोन्ही वेळा कुंडीजवळ.

फुलाने आठवण परत येत नाही हे मला कळतं. तो माझा विषय आहे. तरी दिवाळीत पानं पिवळी पडली तेव्हापासून मी जूनची वाट बघत होतो. या जूनला फूल आलं की आप्पा मला एकदा तरी ओळखतील. दुसरं काही मला नको होतं.

या एप्रिलमध्ये आप्पांनी कुंडीला पाणी घालायला सुरुवात केली.

त्यांना एवढं आठवत होतं की झाड आपलं आहे आणि उन्हाळा कडक आहे. कोरडं ठेवायचं हे तेवढं गेलं होतं. मी सांगितलं, ते ‘होय साहेब’ म्हणाले आणि तासाभराने पुन्हा ओतलं. मी कुंडीवर ताट उपडं ठेवलं, त्यांनी ते काढलं. मी गच्चीतला तांब्या उचलून आत ठेवला. मग माती ओली का लागते हे दोन दिवस मला उमगेना. ते बायकोने शोधलं. आप्पांचे ओठ फुटले होते, लघवी कमी झाली होती. आम्ही दिलेला प्यायचा पेला ते तोंडाला न लावता कुंडीत ओतून येत होते. बायको मला म्हणाली, एक तर कुंडी राहील नाही तर माणूस. ती चिडली की अशीच तोडून बोलते, आणि बहुतेक वेळा तिचं बरोबर असतं.

मी युक्ती काढली. तशीच दुसरी कुंडी आणली, तिच्यात साधी माती भरली आणि खऱ्या कुंडीच्या जागी ठेवली. अमरकंदाची माती उकरून पाहिली तर गड्डे अजून टणक होते, वेळ गेलेली नव्हती. माती सुकवून कुंडी पुन्हा भरली आणि शेजारच्या खालांकडे ठेवायला नेली. आप्पांना खोटी कुंडी कळली नाही. तिला पाणी घालून ते समाधानाने आत यायचे, आणि बायको दाराशी दुसरा पेला घेऊन उभी असायची, तो पीत. मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं.

खालांचं घर तीन पिढ्या गाद्या भरतं. त्यांचे मियाँ गेल्यापासून त्या दुकानाच्या फळीवर बसून खोळी शिवतात. आम्ही घर बांधलं तेव्हापासूनचा शेजार आहे आणि गल्लीत कुणाला सांभाळायला काही ठेवायचं असेल तर ते खालांकडेच ठेवतात, लग्नातली भांडी, चाव्या, कुणाचे दागिनेसुद्धा. मी कुंडी त्यांच्या हातात दिली आणि म्हणालो, ‘खाला, ही आमची अमानत. आप्पांचा जीव आहे हिच्यात. जून लागला की नेतो.’

‘फिकर नका करू सर,’ त्या म्हणाल्या. ‘माझ्या जिवासारखी सांभाळीन.’

त्याच वेळी बायकोने वरून हाक मारली की नळ आला. मी पळालो. पिंपं भरायची होती.

मी पाणी घालू नका असं सांगितलं नाही. हा एवढाच मुद्दा आहे आणि त्याच्यावर मी कितीही विचार केला तरी तो तेवढाच राहतो. दोनशे पोरांसमोर एकच गोष्ट तीनतीनदा सांगणारा माणूस मी. जाता-येता फळीपाशी थांबून विचारायचो, कुंडी कशी आहे खाला? त्या सुई दातांत धरून म्हणायच्या, एकदम मजेत. सात महिने झोपलेल्या झाडाबद्दल एकदम मजेत याचा काय अर्थ होतो, हे मी विचारायला हवं होतं. मला बरं वाटायचं, मी पुढे जायचो.

मे संपला तसा मी आणायला गेलो. खालांनी कुंडी आतल्या अंगणात सावलीत ठेवली होती. खाली ताटली, वर स्वच्छ फडकं. फडकं काढलं आणि मला आधी वास आला. कुंडीच्या कडेला हिरवं शेवाळ धरलं होतं. माती इतकी ओली की बोट आत गेलं. गड्डा हाताला लागला आणि दाबताच मऊ झाला.

खाला शेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, ‘रोज सकाळी एक तांब्या, सर. एक दिवस चुकवला न्हाई. भांड्याचं न्हाई दिलं, पिण्याचं दिलं. अमानत हाय म्हणून.’ त्यांची सून आतून हसत म्हणाली की अम्मींनी पाणी वाचवायला महिनाभर कूलर लावू दिला नाही. मग खालांनी विचारलं, ‘यायला लागला का हो वर?’

मला राग आला होता. कुणावर, ते ठरवता येत नव्हतं. बेचाळीस अंशांच्या उन्हात ह्या बाईने आपल्या घरातलं प्यायचं पाणी आमच्या कुंडीला घातलं होतं, आणि त्यानेच ती मेली होती. मी म्हणालो, ‘येईल खाला. लई केलं तुम्ही.’ हे मात्र खरंच होतं.

घरी आणून सगळं उपसलं. दोन गड्डे हातात विरघळले. तिसऱ्याचा सुपारीएवढा भाग टणक वाटला. तो पात्याने कापून काढला, राख लावली, सावलीत वाळवला आणि कोरड्या मुरुमात ठेवला. पिठाच्या डब्याच्या तळाशी जुनी माती मूठभर उरली होती, ती घातली. मग काही बी करायचं न्हाई. रोज क्लासला जाण्याआधी बघायचो, आल्यावर बघायचो. दहाव्या दिवशी उकरलं तर तोही काळा पडून पाण्यासारखा झाला होता. पुस्तकात यावर काही नाही. असलं तरी मला सापडलं नाही.

शेवटी लाज सोडून मी आप्पांच्या जुन्या सहकाऱ्याला फोन लावला. ते अजून तिकडेच राहतात, आप्पांच्या हाताखाली शिकलेले. मी सगळं सांगितलं आणि म्हणालो, एकच गड्डा, फूल असलेला, पुढच्या वर्षी मी स्वतः आणून परत लावीन. मग ते म्हणाले, ‘फुलं आलीत यंदा. तुम्ही या, दाखवतो. पण काढू न्हाई देणार. तुमच्याच बापानं शिकवलंय.’ आप्पांना तिथवर नेणं शक्य नव्हतं. गाडीत बसवलं की त्यांना वाटतं आपल्याला धरून नेतायत, आणि ते दार उघडायला बघतात. मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला. माझी मान खाली गेली होती आणि आतून थोडा अभिमानही वाटला, तो कशाचा ते मला सांगता येणार नाही.

इकडे आप्पांच्या खोट्या कुंडीत हिरवं आलं. रोजच्या पाण्याने मातीतलं कुठलं तरी बी रुजलं आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात चांगली वीतभर रोपं झाली. मला आशा वाटली. हे लिहायला लाज वाटते, पण वाटली. त्यांना काय फरक पडणार होता? ज्यांना मुलगा ओळखू येत नाही त्यांना पान काय ओळखू येणार? रविवारी सकाळी मी त्यांचा हात धरून गच्चीत नेलं, कुंडीजवळ बसवलं आणि म्हणालो, आप्पा, आला बघा.

आप्पांनी चष्मा सारखा केला. एक पान खुडलं, बोटांत चुरगाळलं, वास घेतला.

‘हे तांदुळजा हाय,’ ते म्हणाले. ‘माझा कुठाय?’

त्यांनी कुंडीची कड हाताने चाचपली. एसटीतून उतरताना फुटल्यावर जी नवी पसरट कुंडी घेतली होती, तिच्या कडेवर त्यांनी खिळ्याने तीन रेघा ओढल्या होत्या, तीन गड्ड्यांच्या. ते मला ठाऊकच नव्हतं, नंतर खरी कुंडी पाहिली तेव्हा दिसलं. या कुंडीवर रेघा नव्हत्या. आप्पा गुडघ्यावर हात टेकून उठले, शर्ट खाली ओढला आणि ताठ उभे राहिले.

‘साहेब, तीन गड्डे माझ्या ताब्यात होते. राखता आले न्हाईत.’

मी म्हणालो, आप्पा, तुमची चूक नाही. मी नेले होते. त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. साहेबलोक हाताखालच्या माणसाला वाचवायला असं बोलतात, हे त्यांना माहीत असावं. ‘साहेब कशाला नेतील,’ ते म्हणाले. ‘कागद करून घ्या.’

बायको दारात उभी होती. तिने आतून माझी तासाची वही आणून दिली. मी खाली बसलो आणि आप्पा उभ्याने सांगत गेले. हकीकत अशी की, रस्त्याच्या कामातून वाचवलेले अमरकंदाचे तीन गड्डे, ताब्यात घेणार वनरक्षक, एवढी वर्षं दर साली फूल. एक शब्द अडला नाही. इतकं सलग ते वर्षभरात बोलले नव्हते. जबाबदार कोण इथपर्यंत आलो तेव्हा त्यांनी स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, हुद्द्यासकट. मी तिथे माझं नाव लिहिलं. आप्पांना बारीक अक्षर आता दिसत नाही. मी वही पुढे धरली, त्यांनी बोटाने जागा चाचपली आणि सही केली. अक्षर जराही हललं नव्हतं.

मग ते जायला वळले नाहीत. उभेच राहिले. मला वाटलं पाणी हवं असेल.

‘साहेब,’ ते म्हणाले, ‘आता राखायला काय उरलं न्हाई. दोन दिवस रजा मिळाली असती तर बरं झालं असतं. बारक्याला बघून येतो म्हणलं. लातूरला असतो, मास्तर हाय.’

इतके दिवस मी बघू, बघू म्हणत आलो होतो. वही माझ्या हातातच होती.

‘मंजूर,’ मी म्हणालो.

‘कधीपासून साहेब?’

‘आजपासूनच जा.’

ते खुश झाले. आत जाऊन त्यांनी ट्रंक ओढली आणि कपड्यांच्या घड्या घालायला बसले, आणि मी त्यांना घड्या घालायला मदत केली.